वाचक विचारतात : बंद दारामागची कोरियन भित्तिचित्रे

गेल्या अंकात उत्तर कोरियातील आनाक येथील एका प्राचीन थडग्यातल्या स्वयंपाकघराच्या चित्राचे छायाचित्र छापले होते आणि त्याखाली जेमतेम दोन ओळींची माहिती दिली होती. ती माहिती अपुरी पडली, हे त्यानंतर आलेल्या पत्रांवरून लक्षात आले. त्यांतली निवडक पत्रे येथे घेतली आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांच्या नावांऐवजी त्यांची गावे दिली आहेत.

लातूरचे एक शिक्षक विचारतात : ही चित्रे कोणत्या काळातली आणि कोणत्या राज्यातली आहेत? मृताच्या खोलीत चूल आणि भांडी रंगवण्याचे कारण काय असावे?

ही चित्रे कोगुर्यो या राज्यातली आहेत. परंपरेनुसार हे राज्य इ. स. पू. ३७ मध्ये स्थापन झाले आणि इ. स. ६६८ मध्ये लयाला गेले. त्याची राजधानी दीर्घकाळ यालू नदीकाठी, म्हणजे आजच्या चीनमधील जिआन येथे होती. ४२७ मध्ये जांगसू राजाने ती प्याँगयांगला नेली. त्यामुळे सचित्र थडगीही मुख्यतः या दोन परिसरांतच सापडतात. कोगुर्योची आजवर दहा हजारांहून अधिक थडगी आढळली असली, तरी भिंतींवर चित्रे असलेली थडगी शंभराच्या आसपासच आहेत. दक्षिणेकडच्या बेकजे, सिल्ला आणि गाया या राज्यांतही अशी थडगी सापडली आहेत, पण ती बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

थडगे म्हणजे दगडी खोल्या आणि त्यांच्यावर रचलेला मातीचा उंच ढिगारा. छताची रचना मुद्दाम पाहण्यासारखी असते. चौकोनाच्या चारही कोपऱ्यांवर तिरक्या शिळा टाकून मोकळी जागा कमी केली जाते, त्यावर पुन्हा तशाच शिळा टाकल्या जातात आणि अखेर मध्ये उरलेली जागा एका शिळेने बंद केली जाते. काश्मीरमधील पांद्रेठणच्या मंदिरात मान वर करून पाहिलेल्या वाचकांना ही रचना ओळखीची वाटेल.

आता स्वयंपाकघराविषयी. आनाक क्रमांक ३ या थडग्यात तीन बायका कामात गुंतलेल्या दिसतात. एक मोठ्या वाफवण्याच्या भांड्याशी हातात पळी घेऊन उभी आहे, दुसरी चुलीतला जाळ सारते आहे आणि तिसरी भांडी रचते आहे. शेजारच्या खोलीत आकड्यांना अख्खी जनावरे टांगलेली आहेत. पुढे विहीर आहे आणि तिच्यावर पाणी काढण्याची लाट आहे, जशी आपल्याकडे कोकणातल्या विहिरींवर असे. विशेष म्हणजे राबणाऱ्या बायकांच्या शेजारीही शाईने अक्षरे लिहिलेली आहेत. विहिरीवरच्या बाईजवळ ‘आ-ग्वांग’ असे लिहिले आहे आणि ते तिचे नाव असावे. या जगातले घर, नोकरचाकर, गोठा आणि गाडीखाना मृताबरोबर पुढच्या जगात जावेत, ही त्यामागची कल्पना होती. पुढे सहाव्या शतकात ही कल्पना मागे पडली आणि घरगुती दृश्यांच्या जागी चार दिशांचे रक्षक प्राणी भिंती व्यापू लागले.

नाशिकच्या एका वाचक भगिनी विचारतात : थडग्याचा मालक कोण आणि साल कोणते, हे इतक्या खात्रीने कसे सांगतात?

भिंतीवर लेख असेल, तर साल खात्रीने सांगता येते. मालक मात्र तेव्हाही दर वेळी सांगता येत नाही. आनाक क्रमांक ३ हेच त्याचे उत्तम उदाहरण आहे. १९४९ मध्ये हे थडगे उजेडात आले, तेव्हा आतल्या एका भिंतीवर काळ्या शाईने लिहिलेल्या सात ओळी आढळल्या. दोंग शोऊ नावाचा अधिकारी ‘योंगह’ या शकाच्या तेराव्या वर्षी, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी वारला, असे त्यांत म्हटले आहे. हा शक चीनमधील पूर्व जिन राजवटीचा आहे. तेरावे वर्ष म्हणजे इ. स. ३५७, पण गंमत अशी की, त्या वर्षी योंगह शक उरलाच नव्हता. वर्षाच्या आरंभीच सम्राटाने नवा शक जाहीर केला होता आणि ती बातमी इतक्या दूर पोहोचली नव्हती. लेखनिकाच्या हातून झालेल्या या चुकीमुळेच लेख त्याच काळातला असल्याचा भरवसा वाढतो, कारण नंतर कोणी बनावट लेख लिहिला असता, तर त्याने पंचांग तपासून लिहिला असता.

दोंग शोऊ हा चीनमधील यान राज्यातून ३३६ मध्ये कोगुर्योच्या आश्रयाला आलेला सरदार होता, हे चिनी ग्रंथांतून ठाऊक आहे. मग थडगे त्याचेच, असे म्हणून मोकळे व्हावे, तर अडचण येते. तो लेख मालकाच्या चित्राजवळ नाही. तो बाजूच्या खोलीच्या दाराशी उभ्या असलेल्या एका अधिकाऱ्याच्या डोक्यावर लिहिलेला आहे. आतल्या मालकाने पांढऱ्या तलम कापडाचा मुकुट घातला आहे आणि तसा मुकुट कोगुर्योचा राजा घालत असे, असे जुन्या चिनी नोंदी सांगतात. सुमारे अडीचशे माणसांच्या मिरवणुकीत एका निशाणावर राजाला शोभणारी उपाधी लिहिलेली आहे. उत्तर कोरियातील संशोधकांनी म्हणूनच हे थडगे राजाचे मानले. आधी त्यांनी मिचन राजाचे नाव घेतले, नंतर गोगुकवॉनचे. चीन आणि जपानमधील बहुतेक अभ्यासक दोंग शोऊच्या बाजूने आहेत. मला स्वतःला दोंग शोऊची बाजू अधिक पटते, कारण राजाच्या थडग्यात एका आश्रिताचे वय आणि मृत्युदिन लिहायचे आणि राजाचे नावही घालायचे नाही, हे समजण्यासारखे नाही. तरीही निशाणावरच्या अक्षरांचे समाधानकारक उत्तर या बाजूकडे नाही, हेही मान्य केले पाहिजे.

याउलट १९७६ मध्ये सापडलेल्या दोखुंगरी येथील थडग्याबाबत असा वाद मालकाच्या नावाविषयी नाही. तेथील लेखात चिन नावाच्या अधिकाऱ्याचे दफन ४०८ मध्ये झाल्याचे सांगितले आहे. त्यात त्याला शाक्यमुनी बुद्धाचा शिष्य म्हटले आहे आणि त्याच लेखात जागा झोऊच्या राजपुत्राने निवडली, दिवस कन्फ्यूशियसने काढला आणि घटका वू राजाने नेमली, अशी अलंकारिक वाक्ये आहेत. पुढे बांधकामाला दहा हजार माणसांचे श्रम लागले, रोज बैल आणि मेंढ्या कापल्या गेल्या आणि मद्य, मांस व तांदूळ संपता संपेनात, असे लिहिले आहे. बुद्धाच्या शिष्याच्या दफनासाठी रोज बैल कापले जात होते, यात त्या लेखनिकाला काहीही विसंगत वाटलेले दिसत नाही. कोगुर्यो दरबारात बौद्ध धर्म ३७२ मध्ये पोहोचला होता, म्हणजे तेव्हा जेमतेम दीड पिढी झाली होती.

पुण्याची एक कलाविद्यार्थिनी विचारते : अजिंठ्याची चित्रे आणि ही चित्रे एकाच पद्धतीने काढलेली आहेत का?

दोन्हीकडचे रंग बरेचसे खनिज आहेत, पण भिंत वेगळी आहे. अजिंठ्यात कातळावर माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा आहे आणि त्यावर चुन्याचा अगदी पातळ हात आहे. कोगुर्योच्या सुरुवातीच्या थडग्यांत दगडांवर थेट चुन्याचा जाड गिलावा दिलेला असतो. तो ओला असतानाच रंग दिले की वाळल्यावर, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत आणि सगळ्या थडग्यांसाठी एकच उत्तर असण्याचे कारणही नाही. लाल रंगासाठी हिंगूळ आणि गेरू, हिरव्यासाठी तांब्याचे हिरवे खनिज आणि काळ्यासाठी काजळी वापरलेली आढळते.

उत्तरकाळात कारागिरांनी गिलावा सोडूनच दिला. उत्तर कोरियातील गांगसो येथील मोठ्या थडग्यात घोटून गुळगुळीत केलेल्या ग्रॅनाइटच्या शिळांवर थेट रंग लावलेला आहे. याचा जतनाच्या दृष्टीने फार मोठा परिणाम झाला. गिलावा सुटतो, फुगतो, त्याचे पोपडे पडतात आणि चित्र त्याच्याबरोबर जाते. दगडावरच्या रंगाला ही भीती नसते. म्हणूनच गांगसोचे दिशारक्षक प्राणी आजही ठसठशीत दिसतात आणि त्याहून जुन्या थडग्यांतल्या बायकांचे चेहरे मात्र तुकड्यातुकड्यांनी शोधावे लागतात.

नागपूरचे एक निवृत्त अभियंता विचारतात : जी चित्रे पंधराशे वर्षे टिकली, ती गेल्या शंभर वर्षांतच का खराब झाली? एकदा दुरुस्ती करून हा प्रश्न संपवता येत नाही का?

आलेल्या पत्रांत हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. चित्रे टिकली, कारण ती कोणी पाहत नव्हते. मातीखाली बंद असलेल्या खोलीत तापमान वर्षभर जवळजवळ सारखे राहते आणि हवा बाष्पाने इतकी भरलेली असते की भिंतीतले पाणी बाहेर पडू शकत नाही. भिंत ओली असते, पण सतत सारखीच ओली असते. आपण ओल हीच शत्रू समजतो. येथे खरा शत्रू ओलीतला चढउतार आहे.

दार उघडले की हा तोल जातो. हिवाळ्यातली कोरडी हवा आत शिरली की भिंतीतले पाणी पृष्ठभागाकडे येऊन उडून जाते आणि त्यात विरघळलेले क्षार रंगाखाली साठून स्फटिक बनतात. आपल्या जुन्या वाड्यांच्या जोत्याला लोणा लागतो आणि विटेची भुकटी होते, तीच ही क्रिया आहे. येथे फक्त विटेच्या जागी पंधराशे वर्षांचा रंग असतो. पावसाळ्यात उलट घडते. बाहेरची उष्ण, दमट हवा थंड दगडाला लागली की तिचे दव होते आणि भिंतीवरून ओघळ सुटतात. माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड त्या पाण्यात मिसळून चुना विरघळवतो, आणि पाणी सुकले की तोच चुना चित्रावर पांढऱ्या पडद्यासारखा बसतो. बुटांबरोबर बुरशीचे बीजाणू येतात आणि दिव्यांच्या उजेडावर शेवाळ वाढते. जिआन येथील ‘पाच शिरस्त्राणे’ या समूहातले क्रमांक ५ चे थडगे प्रवाशांसाठी खुले ठेवलेले आहे, आणि तेथील दगडांवर पाण्याचे थेंब उभे असलेले पाहून आलेल्यांनी त्याविषयी वारंवार लिहिले आहे.

दुरुस्तीविषयी म्हणाल, तर तिचे काम दोन जागी चालते. आत, गिलाव्यावर बोटाने हलकेच टिचकी मारून कोठे पोकळ वाजते ते ऐकले जाते, त्या जागा नकाशावर खुणावल्या जातात आणि बारीक सुईने चुन्याचे पातळ मिश्रण मागे भरले जाते. जेथे कड सुटत आली आहे तेथे आधी तात्पुरता पातळ कागद चिकटवून तुकडा धरून ठेवतात. हे काम दिवसाला तळहाताएवढ्या जागेच्या गतीने पुढे सरकते. पण माझ्या मते त्याहून मोलाचे काम बाहेर, ढिगाऱ्यावर असते : झाडांची मुळे छतात उतरू न देणे, पाणी न झिरपणाऱ्या मातीचा थर देणे आणि भोवती चर खणून पावसाचे पाणी वळवणे. या कामाची छायाचित्रे कोणी छापत नाही.

या चराच्या कामानेच एकदा कोरियाच्या इतिहासात मोठी भर घातली. बेकजेची राजधानी असलेल्या गोंगजू येथे सोंगसानरी क्रमांक ६ हे विटांचे थडगे आहे. त्यात जेथे चित्र काढायचे, तेवढ्याच जागी मातीचा लेप देऊन त्यावर पांढऱ्या रंगाने दिशांचे चार प्राणी काढलेले होते. त्यात पाणी झिरपत होते, म्हणून जुलै १९७१ मध्ये शेजारी पाणी वळवण्याचे खोदकाम सुरू झाले आणि कामगारांची कुदळ बेकजेच्या मुर्योंग राजाच्या कधीही न लुटल्या गेलेल्या थडग्याच्या विटांना लागली. बातमी पसरली, गर्दी जमली आणि आतल्या वस्तू घाईघाईने एका रात्रीत उचलल्या गेल्या. उत्खननाचे प्रमुख किम वॉन-योंग यांनी पुढे या घाईबद्दल स्वतःलाच दोष दिला. १९९७ मध्ये या थडग्यांची दारे प्रवाशांसाठी कायमची बंद करण्यात आली. क्रमांक ६ मधली चित्रे आता अगदी पुसट उरली आहेत.

‘एकदा दुरुस्ती’ या कल्पनेविषयी आपल्या घरचेच उदाहरण पुरेसे आहे. अजिंठ्यात विसाव्या शतकाच्या विशीत निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी लाखेचा लेप दिला. चित्रे तेव्हा उजळली, पण पुढे लेप पिवळा आणि काळपट झाला आणि नंतरच्या रसायनतज्ज्ञांना तो थर उतरवत बसावे लागले. ओल्या थडग्यात असा कोणताही अभेद्य लेप त्याहून घातक ठरतो, कारण मागचे पाणी अडते आणि ते चित्रासकट बाहेर पडते.

ठाण्याचे एक वाचक विचारतात : मग चित्रे काढून संग्रहालयात का ठेवत नाहीत?

काही ठिकाणी तसे केले आहे आणि त्याची किंमतही मोजली आहे. सांगयोंगचोंग या दोन खांबांच्या थडग्यातला घोडेस्वाराचा एक तुकडा सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. उरलेले थडगे उत्तर कोरियात आहे. चोरांनीही हाच मार्ग पत्करला. जिआनजवळच्या चँगछुआन क्रमांक १ या थडग्यातली चित्रे २००० सालच्या सुमारास गिलाव्यासकट कापून नेली गेली.

सर्वांत बोलका अनुभव जपानचा आहे. नारा प्रांतातील ताकामात्सुझुका येथे १९७२ मध्ये छोटे सचित्र थडगे सापडले. त्याची आतली खोली २६५ सेंटिमीटर लांब, १०३ सेंटिमीटर रुंद आणि ११३ सेंटिमीटर उंच, म्हणजे माणसाला ताठ उभेही राहता येणार नाही एवढी आहे. त्यातल्या बायकांचे घोळदार पोशाख कोगुर्योच्या चित्रांची आठवण करून देतात, म्हणून कोरियन अभ्यासकांनाही त्यात रस होता. जपानने दारापुढे हवा नियंत्रित करणारी इमारत बांधली आणि थडगे बंद ठेवले. इतके करूनही बुरशी आली आणि पांढरा वाघ फिकट झाल्याचे २००४ मध्ये लोकांना कळले. २००७ मध्ये संपूर्ण खोलीच्या सोळा शिळा सुट्या करून बाहेर काढाव्या लागल्या आणि दुरुस्ती २०२० पर्यंत चालली. जवळच्या कितोरा थडग्यातला गिलावाही असाच सोडवून घ्यावा लागला. चित्रे वाचली, पण ती आता थडग्याची राहिली नाहीत. गांगसोच्या प्रचंड शिळांबाबत तर हा विचारही करता येत नाही.

कोल्हापूरचे एक चित्रकार विचारतात : जुन्या चित्रांच्या हाताने काढलेल्या प्रतिकृतींना आता, छायाचित्रांच्या काळात, काही अर्थ उरला आहे का?

उरला आहे, आणि तो दिवसेंदिवस वाढतो आहे. १९१२ मध्ये जपानी अभ्यासक सेकिनो तादाशी यांनी गांगसोची पाहणी केली, तेव्हा ओबा त्सुनेकिची यांच्यासारख्या चित्रकारांनी भिंतीइतक्याच आकाराच्या प्रती रंगवल्या. हे काम जपानी वसाहतवादी राजवटीच्या छत्राखाली झाले, हे विसरता येत नाही. पण त्या वेळी भिंतीवर काय दिसत होते, याचा रंगातला पुरावा म्हणजे त्या प्रतीच आहेत, कारण त्या काळची छायाचित्रे कृष्णधवल होती. आज संवर्धक भिंतीसमोर उभा राहून प्रत आणि मूळ यांची वीतभर वीतभर तुलना करतो आणि कोणता डाग जुना, कोणता नवा, ते ठरवतो. अर्थात नक्कल करणाऱ्याने एखादी तुटकी रेघ मनाने जोडली असेल, तर तेही तपासावे लागते. भेग भेगेसारखीच रंगवणारा नक्कलकार संशोधकाला सर्वांत अधिक उपयोगी पडतो.

आपल्याकडे या बाबतीत नशिबाने साथ दिली नाही. मेजर गिल यांच्या अजिंठ्याच्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून काढलेल्या प्रतींपैकी अनेक १८८५ मध्ये पुन्हा लंडनमध्येच जळाल्या.

सोलमध्ये नोकरी करणारे एक मराठी वाचक विचारतात : येथून मला काय पाहता येईल? आणि ही चित्रे कोरियाची मानायची की चीनची?

सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयात वर सांगितलेल्या जुन्या प्रती आणि घोडेस्वाराचा तुकडा आहे. प्रती नेहमी मांडलेल्या असतातच असे नाही, म्हणून आधी चौकशी करावी. सोलहून गोंगजू एका दिवसात होते आणि तेथे बंद थडग्यांशेजारी त्यांची पूर्ण आकारातली प्रतिकृती उभारली आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जागतिक वारसा समितीने २००४ मध्ये मोठ्या चातुर्याने दिले. चीनमधील सूझोऊ येथे भरलेल्या एकाच बैठकीत उत्तर कोरियातील ६३ थडगी आणि चीनमधील राजधान्या व थडगी अशा दोन स्वतंत्र नोंदी झाल्या. त्याच सुमारास चीनच्या ईशान्य सीमेवरील इतिहासाच्या सरकारी संशोधन प्रकल्पावरून दक्षिण कोरियात मोठा क्षोभ उसळला होता. भिंतींच्या दृष्टीने अधिक कामाची घटना २००६ मधली आहे, जेव्हा दोन्ही कोरियांच्या तज्ज्ञांनी प्याँगयांग परिसरातील थडग्यांची एकत्र पाहणी केली. एकमेकांशी अजून औपचारिक युद्धस्थितीत असलेल्या दोन देशांची माणसे एकाच दिव्याच्या उजेडात बुरशी मोजत बसली होती.

साताऱ्याच्या एका आजींनी नातवाचा प्रश्न कळवला आहे : थडग्यांतल्या रक्षक प्राण्यांच्या चित्रांत कासव आणि साप दिसतात, ते भांडत आहेत का?

नाही. ते दोघे मिळून एकच प्राणी आहेत. त्याला ह्यॉनमू म्हणतात आणि तो उत्तरेचा राखणदार आहे. साप कासवाच्या अंगाला वेढा घालून वर येतो आणि दोघांची तोंडे समोरासमोर येतात, म्हणून भांडण वाटते. पूर्वेच्या भिंतीवर निळा ड्रॅगन असतो, पश्चिमेच्या भिंतीवर पांढरा वाघ असतो आणि दक्षिणेच्या भिंतीत दार असल्यामुळे तेथला लाल पक्षी दोन्ही बाजूंना एकेक असा जोडीने काढावा लागतो. गांगसोच्या मोठ्या थडग्यात दक्षिणेकडून दिवा घेऊन आत शिरले की समोरच उत्तरेची भिंत येते, आणि तेथे हे कासव आपले चारही पाय रोवून उभे आहे. नातवाने चित्र काढायला घेतले, तर सापाचे वेटोळे आधी काढावे आणि कासव नंतर त्यात बसवावे. उलट केले, तर साप पुरत नाही.